मिसूरी ते पॅसिफिक : लुइस-क्लार्क मोहिमेतील वनस्पती आणि प्राणी
प्रस्तावना

मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क या दोन लष्करी अधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली इ.स. १८०४ ते १८०६ या काळात एक तुकडी मिसूरी नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर जात, रॉकी पर्वत ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचली आणि त्याच मार्गाने बव्हंशी परत आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिमेकडील विस्ताराचा पहिला अध्याय म्हणून या मोहिमेचा इतिहास अनेकदा लिहिला गेला आहे. तथापि मोहिमेत लिहिल्या गेलेल्या दैनंदिन्या मुळातून वाचणाऱ्याला असे दिसते की, राजकारण, व्यापार आणि नकाशे यांच्या बरोबरीने त्यांतील फार मोठी जागा झाडे, मुळे, कंद, पक्षी, मासे आणि जनावरे यांनी व्यापली आहे. या नोंदींचे शास्त्रीय मोल कोणती जात प्रथम कोणी पाहिली यापेक्षा, प्रत्येक नोंदीला जोडलेल्या स्थळ, तिथी, मोजमाप आणि उपयोग या तपशिलांत आहे. आणि या तपशिलांपैकी बराच भाग त्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या ज्ञानातून आलेला आहे, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या मुळाशी आहे.

मोहिमेची कल्पना अध्यक्ष टॉमस जेफरसन यांची होती. ३० एप्रिल १८०३ रोजी फ्रान्सशी झालेल्या करारान्वये दीड कोटी डॉलरांना लुइझियाना हा विस्तीर्ण प्रदेश संयुक्त संस्थानांकडे आला, परंतु मोहिमेची तयारी त्याआधीच सुरू झालेली होती. जेफरसन हे फिलाडेल्फियातील अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीचे अध्यक्षही होते, आणि नव्या जगातील प्राणी जुन्या जगातील प्राण्यांहून खुजे व दुबळे असतात, हे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांचे मत खोडून काढण्यासाठी त्यांनी पूर्वीच लेखणी उचलली होती. २० जून १८०३ रोजी त्यांनी लुइस यांना दिलेल्या लेखी सूचनांत नदीचा मार्ग शोधण्याच्या मुख्य कामासोबतच जमिनीचा पोत, तेथील वनस्पती, संयुक्त संस्थानांत न आढळणारे प्राणी, दुर्मीळ किंवा नामशेष समजल्या जाणाऱ्या जनावरांचे अवशेष, खनिजे आणि हवामान यांची नोंद ठेवण्यास सांगितले होते. इतकेच नव्हे, तर कोणती झाडे कोणत्या तारखेला फुलतात किंवा पाने गाळतात, आणि विशिष्ट पक्षी, सरपटणारे प्राणी व कीटक कधी दिसू लागतात, हेही टिपून ठेवावे, असा त्यांचा आदेश होता. ऋतुमानानुसार सजीवांत होणाऱ्या बदलांच्या अशा पद्धतशीर अभ्यासाला आज ऋतुजैविकी म्हणतात. तिला स्वतंत्र शास्त्राचे रूप येण्यापूर्वीच्या काळात एका सरकारी आज्ञापत्रात तिचा समावेश व्हावा, ही गोष्ट त्या काळच्या ज्ञानलालसेची साक्ष देते.

लुइस हे प्रशिक्षित निसर्गशास्त्रज्ञ नव्हते, पण ते चांगले निरीक्षक होते. त्यांच्या मातोश्री लूसी मार्क्स या व्हर्जिनियात औषधी वनस्पतींच्या जाणकार म्हणून प्रसिद्ध होत्या, आणि जेफरसन यांचे खासगी सचिव या नात्याने काम करताना लुइस यांना त्यांच्या ग्रंथसंग्रहाचा लाभ झाला होता. १८०३ मध्ये त्यांना फिलाडेल्फियाला पाठवून वनस्पतिशास्त्रासाठी बेंजामिन स्मिथ बार्टन, शरीररचना व जीवाश्मांसाठी कॅस्पर विस्टार आणि वैद्यकासाठी बेंजामिन रश यांच्याकडून मार्गदर्शन मिळण्याची सोय करण्यात आली. बार्टन यांचा त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला वनस्पतिशास्त्राचा ग्रंथ मोहिमेच्या सामानात होता. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस यांनी रूढ केलेल्या द्विनाम पद्धतीत प्रत्येक सजीवाला प्रजातीचे आणि जातीचे अशी दोन लॅटिन नावे जोडून देतात. लुइस यांनी स्वतः अशी नावे क्वचितच दिली, परंतु एक जात दुसरीपासून वेगळी ठरवण्यासाठी पाने, फुले, दात, नखे आणि पिसे यांची कोणती लक्षणे पाहावी लागतात, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांच्या वर्णनांची शिस्त या जाणिवेतून आलेली आहे.

१४ मे १८०४ रोजी मिसिसिपीच्या काठावरील तळावरून निघालेली तुकडी सप्टेंबरात आजच्या नेब्रास्का आणि साउथ डकोटा या राज्यांतील गवताळ मैदानांत शिरली, आणि तेथे पूर्वेकडील अरण्यांत कधीही न दिसलेले प्राणिजीवन एकामागून एक समोर येऊ लागले. ७ सप्टेंबरला प्रेअरी डॉग या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या, खारीच्या कुळातील बिळात राहणाऱ्या प्राण्यांची एक मोठी वसाहत दिसली. त्यांपैकी एक जिवंत हाती लागावा म्हणून तुकडीतील जवळजवळ सर्व माणसे कामाला लागली. एक बीळ सहा फूट खोल खणूनही तळ लागला नाही, दुसऱ्यात पाच पिंपे पाणी ओतूनही ते भरले नाही, आणि अखेर पाण्याच्या मदतीनेच एक प्राणी बाहेर काढता आला. १४ सप्टेंबरला क्लार्क यांनी प्राँगहॉर्न मारला. दिसायला हा प्राणी आपल्याकडील काळविटासारखा कुरंगवर्गीय वाटत असला तरी त्याचे कुळ स्वतंत्र असून, शिंगाचे बाह्य आवरण दरवर्षी गळून नवे येणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. म्यूल डिअर हे मोठ्या कानांचे हरीण, कायोटी हा कोल्ह्याएवढ्या अंगाचा श्वानकुळातील प्राणी, पांढऱ्या शेपटीचा जॅकरॅबिट हा ससा आणि काळ्या चोचीचा मॅगपाय हा कावळ्याच्या कुळातील पक्षी यांच्या नोंदीही त्याच महिन्यातील आहेत.

१८०४-०५चा हिवाळा आजच्या नॉर्थ डकोटातील मँडन आणि हिदात्सा लोकांच्या गावांशेजारी बांधलेल्या फोर्ट मँडन या तळावर गेला. ७ एप्रिल १८०५ रोजी तेथून मोठी होडी परत पाठवताना तिच्यात कातडी, शिंगे, सांगाडे आणि वाळवलेल्या वनस्पतींबरोबर सहा जिवंत जीवही होते : चार मॅगपाय, एक प्रेअरी डॉग आणि एक ग्राउस, म्हणजे तितराच्या कुळातील मैदानी पक्षी. न्यू ऑर्लीन्समार्गे झालेल्या चार महिन्यांच्या प्रवासानंतर ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला पोहोचले तेव्हा त्यांतील एक मॅगपाय आणि प्रेअरी डॉग एवढेच जिवंत राहिले होते. पुढे त्यांची रवानगी फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील यांच्या संग्रहालयात झाली.

नोंद कशी केली जात असे, याचे उत्तम उदाहरण ग्रिझली अस्वलाचे आहे. हिदात्सा लोकांनी या अस्वलाच्या शक्तीविषयी आधीच सावध केले होते. लांब पल्ल्याच्या बंदुकांच्या भरवशावर लुइस यांना ती सूचना प्रथम अतिशयोक्त वाटली. ५ मे १८०५ रोजी क्लार्क आणि शिकारी जॉर्ज ड्रुइलार्ड यांनी एका प्रचंड अस्वलावर गोळ्या झाडल्या. दहा गोळ्या लागून, त्यांतील पाच फुप्फुसांतून आरपार गेल्यावरही ते निम्म्याहून अधिक नदी पोहून एका वाळूच्या बेटावर गेले आणि त्याला प्राण सोडायला किमान वीस मिनिटे लागली. दैनंदिनी या थरारापाशी थांबत नाही. नाकापासून मागच्या पायांच्या टोकापर्यंतची लांबी ८ फूट ७½ इंच, छातीचा घेर ५ फूट १०½ इंच, मानेचा घेर ३ फूट ११ इंच, नखांची लांबी ४⅜ इंच, अशी मोजमापे तिच्यात क्रमाने दिलेली असून, वजनाबाबत क्लार्क यांचा अंदाज ५०० पौंडांचा आणि लुइस यांचा ६०० पौंडांचा होता, हा मतभेदही नोंदवला आहे. मोजलेली गोष्ट आणि अंदाजलेली गोष्ट अशा रीतीने वेगळी ठेवली गेल्यामुळे दोन शतकांनंतरही या नोंदी अभ्यासकाच्या कामी येतात.

याच अस्वलाच्या वर्गीकरणाने लुइस यांना वर्षभर कोड्यात टाकले. पांढरट, करडी, तपकिरी, लालसर आणि काळी अशी अनेक रंगांची अस्वले दिसत होती, आणि या किती जाती मानाव्यात हे ठरत नव्हते. मे १८०६ मध्ये परतीच्या वाटेवर नेझ पर्स लोकांच्या सहवासात असताना निरनिराळी कातडी त्यांच्यापुढे ठेवून विचारणा करण्यात आली. त्यांनी सर्व कातड्यांची तत्काळ दोन गटांत विभागणी केली : केसांची टोके पांढरट किंवा हिमाच्छादित दिसणारी, लांब नखांची, झाडावर न चढणारी आणि आक्रमक अस्वले एका गटात, आणि काळी वा लालसर-तपकिरी, आखूड नखांची, झाडावर चढणारी अस्वले दुसऱ्या गटात. रंगाला गौण मानून नखे आणि सवयी यांना महत्त्व देणारा हा विभाग लुइस यांनी स्वीकारला, आणि आजचे प्राणिशास्त्रही ग्रिझली आणि अमेरिकन काळे अस्वल यांच्यात तीच सीमा आखते. लेखी शास्त्राचा स्पर्श नसलेल्या समाजाने निरीक्षणाच्या बळावर वर्गीकरणाचा किती काटेकोर निकष घडवला होता, याचे याहून स्पष्ट उदाहरण या मोहिमेच्या साहित्यात क्वचितच सापडेल.

वनस्पतींच्या बाबतीत तर हे ऋण पानोपानी दिसते. दुभाषा म्हणून घेतलेल्या तूसाँ शार्बोनो याची पत्नी सकाजाविया ही जन्माने शोशोनी असून हिदात्सा गावात राहत होती. ९ एप्रिल १८०५ रोजी, दोन महिन्यांचे मूल सोबत असताना, तिने एक अणकुचीदार काठी घेऊन नदीकाठी वाहून आलेल्या लाकडांच्या आसपासची जमीन उकरली आणि उंदरांनी साठवून ठेवलेल्या वन्य कंदांची कोठारे शोधून काढली. खाण्याजोगे कंद कोणते, एवढेच नव्हे तर ते दुसऱ्या प्राण्याने कुठे आणि कशा जागी साठवले असतील, हे या ज्ञानात सामावलेले होते. कोलंबिया नदीच्या खालच्या खोऱ्यात वापाटो या पाणवनस्पतीचे कंद काढणाऱ्या स्त्रिया छातीइतक्या पाण्यात उतरून पायाच्या बोटांनी चिखलातले कंद सैल करतात आणि ते वर तरंगल्यावर होडीत टाकतात, हेही दैनंदिनीत नमूद आहे.

कॅमास या निळ्या फुलांच्या कंदवनस्पतीचा वृत्तांत याहून बोधप्रद आहे. सप्टेंबर १८०५ मध्ये बिटररूट पर्वतरांग उपासमारीत ओलांडून आलेल्या तुकडीला आजच्या आयडाहोतील वाइपी या माळावर नेझ पर्स लोकांनी वाळवलेले सामन मासे आणि कॅमासचे कंद खाऊ घातले; त्या आदरातिथ्यामुळे तुकडी तगली, मात्र सवय नसलेल्या पोटांना हे अन्न बाधले आणि अनेकजण आजारी पडले. या कंदात इन्युलिन नावाचे, सहज न पचणारे पिष्टसदृश कर्बोदक असते, आणि दीर्घकाळ उष्णता दिल्याने त्याचे गोड शर्करेत रूपांतर होते. नेझ पर्स स्त्रिया खड्ड्यात दगड तापवून, त्यांवर गवताचे थर देऊन, त्यांच्यामध्ये कंद ठेवून आणि वर माती लोटून अनेक तास ते शिजवत असत. ११ जून १८०६ रोजी लुइस यांनी या वनस्पतीच्या पानांपासून बियांपर्यंतचे वर्णन आणि शिजवण्याची ही सारी रीत सविस्तर लिहून काढली. वनस्पतीची रचना आणि तिचा माणसाशी असलेला संबंध एकाच नोंदीत आल्याने हे लेखन वनस्पतिशास्त्राइतकेच लोकवनस्पतिशास्त्राचे, म्हणजे समाज आणि वनस्पती यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या शाखेचेही मूलसाधन ठरते.

लुइस यांच्या निसर्गलेखनाचा सर्वांत भरीव काळ मात्र प्रवासाचा नसून मुक्कामाचा आहे. पॅसिफिक किनाऱ्याजवळ, आजच्या ऑरेगॉन राज्यात, तुकडीने फोर्ट क्लॅटसॉप बांधला आणि डिसेंबर १८०५ पासून २३ मार्च १८०६ पर्यंत तेथे वास्तव्य केले. त्या अवधीत पाऊस पडला नाही असे जेमतेम बारा दिवस होते. याच कोंडलेल्या महिन्यांत लुइस यांनी पाहिलेल्या आणि गोळा केलेल्या साऱ्याची क्रमवार वर्णने लिहिली, आणि अनेक ठिकाणी मजकुराच्या मध्येच रेखाटने केली. सिट्का स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचा घेर जमिनीपासून सहा फुटांवर सामान्यतः २७ फूट, तर काही वृक्षांत ३६ फूट भरतो, असे त्यांनी मोजून लिहिले. फेब्रुवारीत जखमी अवस्थेत आणलेल्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर या महागिधाडाच्या पसरलेल्या पंखांचे अंतर ९ फूट २ इंच आणि वजन २५ पौंड भरले. पक्षी रोडावलेला असल्याने धष्टपुष्ट स्थितीत वजन आणखी दहा पौंड भरले असते, अशी पुस्तीही तेथे आहे. २४ फेब्रुवारीला त्यांनी युलाकॉन या लहान, अतिशय तेलकट माशाचे चित्र काढले. क्लॅटसॉप आणि चिनूक लोक हे मासे लाकडी सळईत ओवून, पोट साफ न करताच भाजत, आणि लुइस यांना त्यांची चव इतर कोणत्याही माशाहून सरस वाटली. या माशाला शास्त्रीय ग्रंथांत नाव मिळाले ते १८३६ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

२३ सप्टेंबर १८०६ रोजी तुकडी सेंट लुइसला परतली. त्यानंतरचा इतिहास संग्रहाच्या दैन्याचा आहे. मिसूरीच्या महाधबधब्यांपाशी पुरून ठेवलेल्या सामानात नदीचे पाणी शिरल्याने पश्चिमेकडे जाताना जमवलेल्या वनस्पतींचा एक मोठा भाग जुलै १८०६ मध्ये नष्ट झालेला आढळला होता. ११ ऑक्टोबर १८०९ रोजी लुइस यांचा मृत्यू झाला. निकोलस बिडल यांनी संपादित केलेला प्रवासवृत्तांत १८१४ मध्ये दोन खंडांत निघाला, पण निसर्गशास्त्राचा स्वतंत्र खंड लिहिण्याची जबाबदारी घेतलेले बार्टन तो पूर्ण न करताच १८१५ मध्ये निधन पावले. या दिरंगाईची किंमत मोठी होती. शास्त्रीय नामकरणात अग्रक्रमाचा नियम चालतो, म्हणजे ज्याचे वर्णन आधी प्रसिद्ध होते त्याने दिलेले नाव ग्राह्य धरले जाते; त्यामुळे प्राँगहॉर्न, ग्रिझली आणि प्रेअरी डॉग यांची नावे १८१५ मध्ये जॉर्ज ऑर्ड यांच्या लेखणीतून, तर कायोटीचे नाव १८२३ मध्ये टॉमस से यांच्या लेखणीतून रूढ झाले.

वनस्पतींचे नशीब तुलनेने बरे होते. लुइस यांनी चित्रे व वर्णनांसाठी नेमलेले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक पर्श काही नमुने लंडनला घेऊन गेले, आणि उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील त्यांच्या ग्रंथात मोहिमेतील शंभराहून अधिक वनस्पतींना स्थान मिळाले. लेविसिया आणि क्लार्किया या प्रजातींची नावे त्यांनीच दिली. लेविसिया रेडिविवा, म्हणजे बिटररूट, ही खडकाळ जमिनीत वाढणारी कडवट मुळाची वनस्पती. तिचा १ जुलै १८०६ रोजी घेतलेला, वाळून गेलेला नमुना फिलाडेल्फियात मातीत लावल्यावर पुन्हा अंकुरला, आणि तिचे जातिनाम या पुनरुज्जीवनाची नोंद ठेवते. लंडनला गेलेले नमुने एलमर बर्क लँबर्ट यांच्या संग्रहात राहिले, १८४२च्या लिलावात एडवर्ड टकरमन या अमेरिकन अभ्यासकाने विकत घेतले आणि त्यांच्याकडून १८५६ मध्ये फिलाडेल्फियाच्या अकॅडमी ऑफ नॅचरल सायन्सेसला मिळाले. उरलेले नमुने १८९६ मध्ये टॉमस मीहन यांना अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीतच, विस्मृतीत पडलेल्या स्थितीत सापडले. दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. एखाद्या जातीचे नाव ज्या मूळ नमुन्यावर आधारलेले असते तो प्ररूप नमुना त्यात जपलेला असला, की नावाविषयीचा कोणताही वाद त्या एका कागदापाशी नेऊन सोडवता येतो. या मोहिमेच्या हर्बेरियममध्ये असे अनेक प्ररूप नमुने आहेत.

या नोंदींना त्यांचे शास्त्रीय स्थान उशिरा मिळाले. पक्षिशास्त्रज्ञ इलियट कूज यांनी १८९३च्या सटीप आवृत्तीत दैनंदिन्यांतील निसर्गविषयक मजकूर प्रथम उजेडात आणला. पॉल रसेल कटराइट यांनी १९६९ मध्ये लुइस आणि क्लार्क यांचे निसर्गशास्त्रज्ञ म्हणून समग्र मूल्यमापन केले आणि त्यांच्या गणनेनुसार १७८ वनस्पती आणि १२२ प्राणी शास्त्राला तोवर अज्ञात होते. आणि गॅरी मोल्टन यांनी १९८३ ते २००१ या काळात दैनंदिन्यांची तेरा खंडांची प्रमाण आवृत्ती सिद्ध केली, तिचा बारावा खंड संपूर्णपणे हर्बेरियमला वाहिलेला आहे.

आज या साहित्याचे सर्वांत मोठे महत्त्व आधाररेषा म्हणून आहे. बदल मोजायचा तर बदलापूर्वीची स्थिती माहीत असावी लागते, आणि त्या स्थितीच्या लेखी वर्णनाला पर्यावरणशास्त्रात आधाररेषा म्हणतात. २९ ऑगस्ट १८०६ रोजी क्लार्क यांनी एका टेकडीवरून सुमारे २०,००० बायसन एका नजरेत दिसल्याचे लिहिले. त्याच शतकाच्या अखेरीस ही जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होती. २६ जून १८०४ रोजी कॅन्सस नदीच्या मुखापाशी दिसलेल्या कॅरोलायना पोपटाचा अखेरचा ज्ञात पक्षी १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. मिसूरीकाठच्या मैदानांत वारंवार भेटणारा ग्रिझली आता मुख्यतः पर्वतांपुरता उरला आहे. कोलंबियावरील सिलायलो धबधब्याच्या परिसरात क्लार्क यांनी कुटलेल्या वाळक्या सामनच्या टोपल्या रचून ठेवलेल्या पाहिल्या. तो धबधबा आणि त्याभोवतीची मासेमारी १९५७ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेली. कॉन्डॉरची संख्या इतकी घटली की १९८७ मध्ये रानातील शेवटचा पक्षीही पकडून बंदिवासात आणावा लागला आणि तेव्हा जगात एकूण २७ कॉन्डॉर उरले होते. त्यांच्या पैदाशीतून वाढलेले पक्षी पुढे निसर्गात सोडण्यात आले आणि २०२२ मध्ये युरोक या मूळ समाजाच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागातही ते परतले.

मोहिमेच्या या कामगिरीचे कौतुक करताना तिच्या परिणामांकडे पाठ फिरवता येत नाही. जी माहिती शास्त्राला मिळाली तीच व्यापाऱ्यांना आणि वसाहतकारांना वाटाड्यासारखी उपयोगी पडली, आणि ज्यांनी पाहुण्यांना अन्न दिले, वाटा दाखवल्या आणि अस्वलांची विभागणी शिकवली, त्याच समाजांना पुढील काही दशकांत आपल्या भूमीतून हुसकावले गेले; १८७७ मध्ये नेझ पर्स लोकांवर झालेले युद्ध हे त्याचे ठळक उदाहरण आहे. म्हणून या नोंदी वाचताना प्रत्येक वनस्पतीपाशी आणि प्रत्येक प्राण्यापाशी दोन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : येथे नेमके काय पाहिले व मोजले गेले, आणि ते कोणाच्या सांगण्यावरून कळले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लुइस आणि क्लार्क यांच्या चिकाटीला न्याय देते, आणि दुसऱ्याचे उत्तर शोशोनी, मँडन, हिदात्सा, नेझ पर्स, क्लॅटसॉप आणि चिनूक या समाजांना त्यांच्या हक्काचे श्रेय देते. त्यांतील काही समाज आज आपल्या नद्यांत सामन आणि आपल्या माळांवर कॅमास पुन्हा वाढवण्यासाठी झटत आहेत, आणि दोन शतकांपूर्वीची ही वर्णने त्या प्रयत्नांनाही साहाय्यभूत ठरू शकतात. या नोंदींचा अभ्यास आज अगत्याचा वाटतो तो या कारणासाठी.